नोटीस माणसाच्या नावावर, डोळा त्याच्या प्लॉटवर



गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात पोलीस पाटलाच्या हातून चार कागद आले. चारही संघटनेच्या माणसांच्या नावावर. दोन कागद चॅप्टर केसचे. दोन कागद हद्दपारीचे, १९५१ चा पोलीस कायदा, कलम ५६. चौघेही फॉरेस्ट प्लॉटधारक. चौघांनीही मागच्या पावसाळ्याआधी नांगर अडवला तेव्हा गार्डाला विचारलं होतं, "साहेब, अडवायचा लेखी हुकूम दाखवा." एवढाच त्यांचा पराक्रम.

हद्दपारीच्या नोटिशीत काय लिहिलंय ते ऐका. सदर इसम धोकादायक प्रवृत्तीचा आहे, त्याच्या वावरण्यामुळे लोकांत भीती आहे, आणि त्याच्या भीतीने साक्षीदार उघडपणे पुढे येऊन जबानी द्यायला तयार नाहीत. हे वाचून दाखवलं तेव्हा पाड्यावरची पोरंसुद्धा हसली. कारण ज्याच्याबद्दल लिहिलंय तो बैठकीत बोलायला उभा राहिला की आधी दोनदा खाकरतो, मग डोकं खाजवतो, आणि शेवटी म्हणतो, "तुमीच सांगा, मला नाय जमत." पण त्याची बायको हसली नाही. तिने एकच विचारलं, "दोन वर्सं भायेर काढला तर लावणी कोण करल?"

या अंकात आम्हाला बोलायचंय ते तिच्या प्रश्नावर. बाकी सगळी कलमं शेवटी त्या प्रश्नापाशीच येतात.

गुन्हा नाही, फक्त हुकूम

आधी एक फरक समजून घेऊ. चोरी केली, मारामारी केली, तर पोलीस गुन्हा नोंदवतात. केस कोर्टात जाते. तिथे न्यायदंडाधिकारी बसतो. साक्षीदार समोर येतात, आपला वकील त्यांना उलटे प्रश्न विचारतो, पुरावा नसेल तर माणूस सुटतो. वेळ लागतो, पैसा जातो, पण रस्ता तो आहे.

चॅप्टर केस आणि हद्दपारी या रस्त्याने जात नाहीत. इथे आपण काय केलं हे कुणाला सिद्ध करावं लागत नाही. आपण पुढे काय करू, असं साहेबाला वाटतं, एवढ्यावर काम भागतं. आणि हे वाटणारा साहेब कोर्टाचा नाही. तो तहसीलदार नाहीतर प्रांत. कायद्यात त्याला कार्यकारी दंडाधिकारी म्हणतात. सकाळी जो आपला सातबारा आणि प्लॉटचा अर्ज बघतो, तोच दुपारी त्याच खुर्चीत बसून आपण गुंड आहोत की नाही ते ठरवतो. खुर्ची तीच, शिपाई तोच, शिक्का फक्त दुसरा.

घटनेच्या कलम ५० मध्ये सरकारला सांगितलंय की न्याय देणारे आणि राज्य चालवणारे वेगळे ठेवा. म्हणून १९७३ साली नवा फौजदारी कायदा झाला आणि १९७४ पासून लागू झाला, तेव्हा दोन प्रकारचे दंडाधिकारी वेगळे केले. त्या वेळी कलम ११०, म्हंजे अट्टल गुन्हेगार म्हणून तीन वर्षांपर्यंत जामिनात बांधायचं कलम, न्यायदंडाधिकाऱ्याकडे होतं. पण १९८० मध्ये दुरुस्ती करून ते त्याच्याकडून काढलं आणि कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊन टाकलं.  आमच्या किती लोकांना ही गोष्ट माहीत होती? आम्हालासुद्धा नव्हती. बारावीच्या पुस्तकात कलम ५० होतं, परीक्षेत आम्ही ते लिहून मार्कही मिळवले. ११० चं काय झालं ते मात्र पुस्तकात नव्हतं. ते नोटीस आली तेव्हा कळलं.

पावती कशी फिरते ते बघा

आता हे अट्टल गुन्हेगार बनवायचं काम कसं होतं ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी गार्डाची. इंग्रजांनी १९२७ साली केलेला वन कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम ६४ प्रमाणे फॉरेस्टचा माणूस वॉरंटशिवाय आपल्याला धरू शकतो. कलम ६८ प्रमाणे ज्याच्यावर गुन्ह्याचा संशय आहे त्याच्याकडून पैसे घेऊन वरचा साहेब प्रकरण मिटवू शकतो. नीट ऐका, संशय. म्हंजे धरणारा फॉरेस्टचा, तक्रार फॉरेस्टची, आणि पैसे घेऊन सोडणाराही फॉरेस्टचाच. मधे कोर्ट कुठेच नाही. आपल्या बापांनी, आज्यांनी असे किती दंड भरले! दिवस मोडू नये, बैल सुटावा, कोयता परत मिळावा म्हणून भरले. पावत्या पत्र्याच्या डब्यात, आढ्याला टांगलेल्या पिशवीत ठेवल्या.

दुसरी पायरी सरकारची. सरकारनेच हुकूम काढला की ३१ मार्च १९७८ पूर्वीपासून वनजमिनीवर जो कसतोय त्याची जमीन नियमित करायची. मग साहेब म्हणाले, पुरावा आणा. आपल्याकडे कसला पुरावा? सातबाऱ्यावर नाव नाही, खरेदीखत नाही. होत्या त्या दंडाच्या पावत्या. अमुक साली अमुक ठिकाणी अतिक्रमण केलं म्हणून दंड घेतला, असं सरकारच्याच हाताने लिहिलेलं. आपण त्या पावत्या अर्जाला जोडल्या. त्यावर १९८० चा वन संवर्धन कायदा आला, दिल्लीची परवानगी पाहिजे म्हणून फायली अडल्या. अडल्या त्या वर्षानुवर्षं अडून राहिल्या.

तिसरी पायरी पोलिसांची. चॅप्टरच्या नोटिशीसोबत आपल्या साथीच्या गुन्ह्यांची यादी आलीय. आम्ही ती पावत्यांशी ताडून बघितली. सात नोंदींपैकी पाच नोंदी त्याच्याच दंडाच्या पावत्या. अर्जाला जोडल्या त्याच. सहावी नोंद मोर्चाची, जमावबंदी मोडली म्हणून. सातवी बांधावरच्या भांडणाची, ते गावात बसून मिटलेलं.

म्हंजे प्लॉटच्या फायलीत जी पावती "हा इथे १९७८ च्या आधीपासून कसतो" असं सांगते, तीच पावती चॅप्टरच्या फायलीत "हा सवयीचा चोर आहे" असं सांगते. पहिल्या फायलीतली पावती साहेबाला पुरेशी वाटत नाही. दुसऱ्या फायलीतली लगेच पुरते.

चौथी पायरी हद्दपारीची. कलम ५६ खाली माणसाला जिल्ह्यातून, लगतच्या जिल्ह्यांतूनही, दोन वर्षांपर्यंत बाहेर काढता येतं. परत पाऊल टाकलं तर तुरुंग. दोन वर्षं म्हंजे आपल्यासाठी दोन पावसाळे. पहिल्या पावसाळ्यात राब भाजायला माणूस नाही, तर नागली नाही. दुसऱ्या पावसाळ्यात प्लॉट पडीक दिसतो. पडीक दिसला की चर खणायला, साग लावायला फॉरेस्टची माणसं हजर. मग साहेब जागेवर येऊन पंचनामा करतील: दावेदाराची प्रत्यक्ष वहिवाट आढळली नाही. आढळणार कशी? वहिवाट करणारा तुम्हीच हाकललात ना!

म्हणून आम्ही म्हणतो, हद्दपारीची नोटीस माणसाच्या नावावर निघते पण डोळा प्लॉटवर असतो. जमिनीचा हक्क वेगळा आणि बोलण्या-फिरण्याचा हक्क वेगळा असं शहरातले लोक मानत असतील. आपल्याला तसं मानून चालणार नाही. गावात राहायचा हक्क गेला की प्लॉट आपोआप जातो.

शहराची आणीबाणी उठली

दरवर्षी २६ जूनला शहरात आणीबाणीवर भाषणं होतात. व्हायलाच पाहिजेत. २५ जून १९७५ पासून २१ मार्च १९७७ पर्यंत एकवीस महिने या देशात कुणालाही मिसाखाली उचलत होते आणि का उचललं ते सांगत नव्हते. २८ एप्रिल १९७६ ला सुप्रीम कोर्टातल्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सांगितलं की आणीबाणी चालू असताना बेकायदा डांबलेल्या माणसालाही कोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. पुढे लोकांनी सरकार बदललं, मिसा रद्द झाला, घटनेत दुरुस्ती होऊन जगण्याचा हक्क आणीबाणीतसुद्धा काढता येणार नाही असं ठरलं. ही मोठी लढाई होती आणि जिंकली ते बरं झालं.

पण साथींनो, शहराची आणीबाणी उठली तरी जंगलातली उठली नाही. आपल्याला गप्प करायला मिसा लागतच नाही. चॅप्टर केसची, जमावबंदीची कलमं आणि १९५१ चा पोलीस कायदा एवढं पुरतं. हे कायदे आणीबाणीच्या आधी होते, नंतरही राहिले. वकील, प्राध्यापक, पुढारी पकडले गेले तेव्हा देश ओरडला. आपला माणूस हद्दपार होतो तेव्हा पेपरात दोन ओळी येतात: गुंड तडीपार.

जमावबंदीचंच बघा. पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली काठी, कोयता, सुरी बाळगायला बंदी घालता येते, सभा-मोर्च्याला बंदी घालता येते. सभेवरची बंदी सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही. पण एक पंधरवडा संपला की दुसरा हुकूम तयार. आमच्या तालुक्यात हुकूम नसलेले दिवस शोधावे लागतात. आणि आपल्या कमरेला कोयता नाही असा दिवस कुठला? लाकूड तोडायचं, काटा काढायचा, बांबू फाडायचा तो त्यानेच. घराबाहेर पडलेला आदिवासी म्हंजे हत्यारबंद, पाच जण उभे राहिले म्हंजे बेकायदा जमाव.

हे म्हातारी माणसं ओळखतात. १९४५ च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात तलवाड्याला वारली जमले होते. बाईंच्या, गोदावरी परुळेकरांच्या नावाने निरोप फिरला म्हणून जमले होते. सावकारांनी सरकारला कळवलं की हत्यारबंद जमाव आलाय. काठ्या-कोयते तर हातात होतेच. गोळीबार झाला, पाच माणसं मेली. पुढच्या वर्षी बाईंवर आणि शामराव परुळेकरांवर हद्दपारीचे हुकूम निघाले. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं असं शाळेत सांगतात. आता राज्य आपलं आहे, मग कागद तसाच का येतो?

साहेब काय म्हणतात

साहेब म्हणतात, गुंडांपासून लोकांना वाचवायला हे अधिकार लागतात. साक्षीदार घाबरले तर सरकारने काय हात बांधून बसायचं?

आमचं म्हणणं असं. गुंड नाहीत असं आम्ही म्हणत नाही. आपल्या बाजारात गावठीचा गुत्ता कोण चालवतो, कुपावरच्या मजुरीतून पैसे कोण कापतो, पोरीबाळींना कोण त्रास देतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यावर गुन्हे नोंदवा, कोर्टात उभं करा, शिक्षा होऊ द्या. आम्ही स्वतः साक्षीला येतो. पण त्यांच्यातल्या एकालाही नोटीस आलेली आम्ही बघितली नाही. साक्षीदार घाबरतात हे खरंच आहे. पण ते प्लॉटधारकाला घाबरतात, की ज्याच्या गाडीत साहेब बसून येतात त्याला घाबरतात? हे साहेबांनी गुपचूप जबान्या घेऊन ठरवू नये. समोर बसून सांगावं.

आणि समजा उद्या प्रांत भला माणूस आला. तरी आम्ही हेच म्हणू. पुरावा न दाखवता माणसाला घराबाहेर काढायचा अधिकार भल्याच्या हातातही नको. कारण बदली झाली की पुढचा येतो, आणि अधिकार खुर्चीत तसाच राहतो.

आमचीही चूक

आता थोडं आपल्या घरातलं. चॅप्टर केस आली की आपण काय करतो? एक दिवस मोडतो, कचेरीच्या पायरीवर बसतो, शिपाई बोट दाखवतो तिथे अंगठा उठवतो, जामीनदाराला चहा पाजतो आणि घरी येतो. "सुटलो एकदाचा." आम्ही कार्यकर्त्यांनीच कितीतरी जणांना सांगितलं, सही करून टाक, भानगड नको. दोन वर्षांपूर्वी एका पाड्यावरच्या अकरा जणांनी अशा सह्या केल्या. त्यानंतर मोर्चा निघाला तेव्हा अकरांतला एकही आला नाही. कसा येणार? मोर्च्यात काही झालं तर जामिनाची रक्कम जप्त होईल ही भीती. मळणीच्या बैलाला मुसकं बांधतात ना, तसा तो कागद. बैल फिरतो, राबतो, पण समोरच्या दाण्याला तोंड लावू शकत नाही. ते मुसकं आमच्याच सांगण्यावरून त्यांनी बांधून घेतलं. ही चूक आमची, ती आम्ही इथे लिहून कबूल करतो. यापुढे असा सल्ला आम्ही देणार नाही.

म्हणून नोटीस आल्यावर काय करायचं ते खाली लिहितो. हे कायद्यातलंच आहे, आमच्या मनातलं नाही.

एक. चॅप्टरच्या समन्सबरोबर हुकमाची नक्कल मिळालीच पाहिजे. त्यात माहिती काय आहे, रक्कम किती, मुदत किती हे लिहिलेलं हवं. नक्कल नसेल तर लेखी अर्ज करून मागा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

दोन. चौकशी सुरू व्हायच्या आधी तात्पुरता जामीन मागता येत नाही. १९७० साली मधु लिमये यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय. आपल्या पुण्याच्या या पुढाऱ्याला बिहारात मुंगेरला पकडलं होतं. साहेबाला नम्रपणे सांगा, आधी साक्षी घ्या, मग जामिनाचं बोला.

तीन. चौकशी सहा महिन्यांत संपली पाहिजे. खास कारण लिहून मुदत वाढवली नसेल तर ती आपोआप संपते. तारखा वहीत लिहून ठेवा.

चार. जामिनाची रक्कम माणसाची ऐपत बघून ठरवायची असते. मजुराला पाच-पाच हजार मागितले तर तोंडी नाही, लेखी हरकत घ्या. अंतिम हुकमावर सेशन कोर्टात अपील आहे.

पाच. हद्दपारीच्या नोटिशीत आरोपांचं स्वरूप लेखी कळवावं लागतं. आपल्याला वकील देता येतो, आपले साक्षीदार तपासायला मागता येतात. हुकूम झालाच तर तीस दिवसांत सरकारकडे अपील, आणि हायकोर्टाचं दार उघडं आहे.

सहा. गुन्हा होऊ नये म्हणून आधीच उचललं तर चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, कायद्याचा दुसरा आधार असल्याशिवाय. का पकडलं ते सांगावंच लागतं, वकिलाला भेटू द्यावंच लागतं. घटनेचं कलम २२ म्हणा, फौजदाराला कळतं.

कलमं पाठ केली म्हणून हुकूम थांबेल असं आम्ही म्हणत नाही. पण आपण गप्प अंगठा देतो तोवर त्यांना कष्टच नाहीत. प्रत्येक हुकमाला लेखी कारण मागितलं, प्रत्येक तारखेला माणसं उभी राहिली, तर हुकूम काढणं सोपं राहत नाही.

सुनावणीला यायचं आहे

चौघांची सुनावणी पुढच्या आमोशेनंतरच्या पहिल्या बुधवारी, प्रांत कचेरीत, सकाळी अकराला. नोटिशीत लिहिलंय की लोक यांना घाबरतात. तर लोकांनी जाऊन सांगायचं, घाबरतो की नाही. प्रत्येक पाड्यावरून साक्षीला माणसं हवीत, बायका जास्त हव्यात. जमावबंदी आहे, म्हणून चार-चार जणांनी वेगवेगळं निघायचं. काठी घरी, कोयता घरी. हातात फक्त आपला अर्ज: "मी या इसमास ओळखतो. मला त्याची भीती वाटत नाही. माझी जबानी उघडपणे घ्यावी." अर्ज आम्ही लिहून देतो, खाली अंगठा तुमचा. या कागदावर मात्र जरूर द्या. साहेबाने जबानी घेतली नाही तर अर्जाच्या नकलेवर आवक शिक्का मागा. पुढे हायकोर्टात तोच शिक्का कामाला येईल.

दुसरं काम पाड्यावरचं. हुकूम आपल्या विरोधात गेला तरी चारही प्लॉट पडीक राहता कामा नयेत. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत पाळी लावायची. कुठला दिवस कुठल्या घराचा ते आत्ताच ठरवा, पावसाची वाट बघू नका. त्या बाईने विचारलं होतं, लावणी कोण करल? तिला आपण सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं आहे. पहिल्या दिवसाला आम्ही आमचं नाव लिहिलंय. दुसऱ्या दिवसाला तुमचं लिहा.

हा कागद ज्याला वाचता येतो त्याने पाड्यावर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मग पुढच्या पाड्यावर द्यावा. दंडाच्या पावत्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून सांभाळाव्यात आणि नक्कल करायला कार्यालयात आणाव्यात. अस्सल पावती कुठल्याही साहेबाच्या हातात देऊ नये.

जोहार.